कासवाची पाठ मऊ पडली तेव्हा

आज ना रस्त्यातले खड्डे, ना पर्ससीनचा वाद, ना नगरपरिषद. आज कासवावर लिहितोय. पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात काचेच्या पेटीत एखादं हिरवं कासव आहे, किंवा यंदा गणपतीत पोरांसाठी आणायचा विचार आहे, त्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचा.

आधी कबुली देतो. वीसेक वर्षं या किनाऱ्यावर बातमीदारी करतोय. वायंगणी, तांबळडेग, शिरोडा इथली ऑलिव्ह रिडलेची घरटी, अंडी राखणारे गावकरी, पहाटे समुद्राकडे निघालेली पिल्लं, यावर किती बातम्या केल्या त्याचा हिशेब नाही. "कासवांना सिंधुदुर्गचा आधार" असले मथळे मीच दिलेत. आणि त्याच काळात माझ्या घरातलं एक कासव माझ्याच हलगर्जीपणाने आजारी पडत होतं. ते माझ्या लक्षातही आलं नाही. लक्षात आलं ते माझ्या पाचवीतल्या मुलीच्या.

झालं असं. मागच्याच्या मागच्या गणपतीत मुंबईचा भाऊ घरी आला. चाकरमानी आला की पोरांसाठी काहीतरी येतंच. यावेळी आलं ते कासव. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं, हिरवंगार, डोळ्यामागे लाल पट्टा. सोबत प्लॅस्टिकचा डबा, त्यात प्लॅस्टिकचं माडाचं झाड, आणि सुक्या कोळंबीसारख्या खाद्याची बाटली. दुकानदाराने सांगितलेली माहिती एवढीच: "दिवसाला दोन-चार दाणे टाका, आठवड्याला पाणी बदला. एवढंच राहतं, मोठं होत नाही." आई म्हणाली, "घरात कासव इला, बरा झाला. लक्ष्मी येता."

दिवाळी ते होळी सगळं ठीक दिसत होतं. मुलगी रोज सकाळी डबा अंगणात ठेवायची. मग पाऊस लागला. डबा माजघरात आला तो आलाच. श्रावणात एक दिवस मुलगी म्हणाली, "बाबा, ह्याच्या पाठीची कड वाकते." मी बोटाने दाबून पाहिलं. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी वाकली. उलटं करून पाहिलं तर पोटाच्या पाटीवर दोन पांढरट खड्डे आणि भोवती गुलाबी डाग. नाकाजवळ नेलं तर कुजका वास.

तेव्हा मी वाचायला बसलो. आणि समजलं की चूक कासवाची नव्हती, नशिबाची नव्हती, माझी होती.

कवच म्हणजे घर नव्हे

आपण लहानपणापासून ऐकतो की कासव आपलं घर पाठीवर घेऊन फिरतं. या एका वाक्याने फार नुकसान केलंय. कवच हे घर नाही, ते त्याचं शरीर आहे. पन्नासहून अधिक हाडं एकमेकांत जोडून ते बनतं. त्याचा कणा आणि बरगड्या त्या कवचातच जोडलेल्या असतात. वर जे चौकोनी-षटकोनी तुकडे दिसतात ते आपल्या नखाच्या जातीच्या पदार्थाचे, आणि त्याखाली जिवंत हाड. त्यात रक्त खेळतं, त्याला स्पर्श कळतो, दुखतं. कासव कवचातून बाहेर येऊ शकत नाही, जसे आपण बरगड्यांतून बाहेर येऊ शकत नाही.

म्हणजे कवच मऊ पडलं याचा अर्थ हाड मऊ पडलं. कवचाला खड्डा पडून वास यायला लागला याचा अर्थ जखम हाडापर्यंत जायला लागली.

दोन आजार, दोन कारणं

माझ्या कासवाला दोन्ही एकदम झाले होते. घरगुती कासवांत हेच दोन सगळ्यात जास्त दिसतात.

पहिला: मऊ कवच. हाडाला कॅल्शियम लागतं. खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागतं. ते कासव मुख्यतः उन्हातल्या अतिनील किरणांवर, म्हणजे यूव्हीबीवर, आपल्या कातडीत तयार करतं. ऊन नाही, वर खाद्य निकृष्ट, की रक्तातलं कॅल्शियम टिकवायला शरीर हाडांतूनच ते काढून घेतं. आणि कासवाचं सगळ्यात मोठं हाड कुठलं? कवच. वाढत्या पिल्लाचं कवच म्हणूनच आधी मऊ पडतं, मग वेडंवाकडं वाढतं.

इथे बहुतेक सगळे एक चूक करतात. "आमची पेटी खिडकीत असते, भरपूर उजेड येतो." उजेड येतो, पण खिडकीची काच यूव्हीबी जवळजवळ सगळी अडवते. साधा एलईडी किंवा ट्यूबलाइट यूव्हीबी देत नाही. बल्ब गरम लागतो म्हणजे त्यात यूव्हीबी आहे असंही नाही. ऊब वेगळी, यूव्हीबी वेगळा. कासवाला दोन्ही लागतं.

दुसरा: कवच कुजणं. कासव पाण्यातच खातं, पाण्यातच घाण करतं. डबाभर पाणी दोन दिवसांत जंतूंचा काढा होतो. त्यात कुठे ओरखडा उठला, की जिवाणू किंवा बुरशी आत शिरते. माझ्या बाबतीत ओरखड्याचं कारण ऐका. मी हौसेने डब्यात चिऱ्याचा तुकडा ठेवला होता, बसायला. चिरा किती खरखरीत असतो ते आपल्याला माहीत आहे. चढता-उतरता त्याचं पोट घासलं जात होतं. वर अंग पूर्ण सुकायची सोय नाही. उन्हात चढून कोरडं होणं ही कासवाची चैन नव्हे. कवचावरची बुरशी आणि शेवाळ त्यामुळेच आटोक्यात राहतं. आजार रक्तात पोचला तर कासव जातं.

आपला पावसाळा

इंटरनेटवरची बरीच माहिती परदेशातल्या थंड देशांसाठी लिहिलेली आहे. तिथे हिवाळा कठीण, आपल्याकडे पावसाळा. जून ते सप्टेंबर कोकणात कपडे सुकत नाहीत, तिथे कासव कसं सुकणार? ऊन दिसत नाही, हवा दमट, त्यात लाईट जाते ती कधी कधी दुसऱ्या दिवशी येते. आठ महिने अंगणातल्या उन्हावर तरलेलं कासव या चार महिन्यांत ढासळतं. माझं असंच झालं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: किनारपट्टीवर ज्याला पावसाळ्याची सोय करता येत नाही, त्याने कासव पाळू नये.

घरात कासव असेल तर आज संध्याकाळी हे बघा

१. पाठीची कड हलक्या बोटाने दाबा. अगदी नवजात पिल्लाचं कवच थोडं लवचीक असतं, पण काही महिन्यांचं कासव कडक लागलं पाहिजे.

२. उलटं करून पोट बघा, क्षणभरच. खड्डा, गुलाबी-लालसर डाग, पिवळट-पांढरा भाग, पाझर, वास, यातलं काहीही दिसलं तर ती धोक्याची खूण.

३. पातळ, पारदर्शक पापुद्रे सुटत असतील आणि खाली स्वच्छ, कडक कवच असेल तर घाबरू नका. वाढताना जुने तुकडे गळतात. ते ओढून काढू नका.

४. नुसतं हिरवं शेवाळ असेल तर मऊ ब्रशने, हलक्या हाताने पुसा. पण शेवाळ वारंवार येत असेल तर पाणी आणि ऊन दोन्ही तपासा.

५. डोळे सुजलेले, खाणं बंद, एका बाजूला कलून तरंगणं, तोंड उघडं ठेवून श्वास, हे कवचाच्याही पलीकडचं दुखणं आहे. वाट बघू नका.

आणि काय करू नये तेही सांगतो, कारण हे सगळं आपल्याकडे होतं. कवचाला खोबरेल तेल लावू नका. नेलपॉलिश, रंग, फेविक्विक काही नाही. हळद-तुपाचा लेपही नको. मऊ कवच वरून काही लावून कडक होत नाही.

पाळायचंच असेल तर

पेटीचा साधा हिशेब: कवचाच्या लांबीच्या दर इंचाला साधारण ४० लिटर पाणी. हे "एवढंच राहणारं" कासव मोठं झालं की आठ-दहा इंच, मादी त्याहून मोठीही होते. म्हणजे ४०० लिटर. छपरावर पाण्याची पाचशे लिटरची टाकी असते ना, जवळजवळ तेवढं. फिल्टर हवाच. पाणी २४ ते २८ अंशांच्या आसपास. पूर्ण बाहेर येऊन सुकायला गुळगुळीत, पक्की जागा. तिथे ऊब ३० ते ३५ अंश. त्या जागेवर यूव्हीबीचा दिवा, मध्ये काच न ठेवता, रोज दहा-बारा तास. हा दिवा वरून पेटताना दिसला तरी त्यातला यूव्हीबी आधीच संपतो, म्हणून सहा महिने ते वर्षभरात बदलायचा.

उन्हाळ्यात कोवळं ऊन फुकट आहे, ते द्या. पण छोटा डबा भर उन्हात ठेवून विसरू नका, पाणी तापून कासव उकडून मरेल. अर्धी सावली पाहिजे. कावळ्या-घारीपासून बचावाला वर जाळी, काच नव्हे.

खाद्य: सुकी कोळंबी हा खाऊ आहे, जेवण नव्हे. चांगल्या प्रतीचे कासवाचे दाणे, पालेभाज्या, पाण्यातली वनस्पती, अधूनमधून काट्यासकट छोटी ताजी मासळी. खारवलेली सुकी मासळी नको. भात, पाव, चिवडा बंद. पालक रोज नको, तो कॅल्शियम अडवतो. आणि कॅल्शियमसाठी आपल्याकडे एक सोय पायाखाली आहे. किनाऱ्यावर पांढरा, हलका समुद्रफेस वाहून येतो, माकुलाच्या जातीतल्या प्राण्याचा. तो दोन-चार दिवस गोड्या पाण्यात, पाणी बदलत भिजवून खारटपणा काढा, उकळून वाळवा आणि तुकडा पाण्यात टाका. कासव स्वतः कुरतडतं. दुकानात हाच पैसे देऊन मिळतो.

कासव हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे. या कासवांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतो, कासव ठणठणीत असलं तरी. अमेरिकेने १९७५ साली चार इंचाखालच्या कासवांच्या विक्रीवर बंदी घातली ती लहान मुलं आजारी पडत होती म्हणून. ज्या मापाचं कासव तिथे पाळायला विकता येत नाही, त्याच मापाचं आपण पोरांच्या हातात खेळणं म्हणून देतो.

डॉक्टर कुठे?

इथे माझी तक्रार आहे, आणि ती कुणा एका डॉक्टरवर नाही. मी कासव घेऊन एका दवाखान्यात गेलो. डॉक्टर भले गृहस्थ. म्हणाले, "अहो, मी गायी-म्हशी, कुत्री बघतो. कासव आयुष्यात पहिल्यांदा टेबलावर आलंय." प्रामाणिकपणे नाही म्हणाले, याबद्दल आभारी आहे. दुसरीकडे एकाने "जंताचं इंजेक्शन मारून बघू" म्हटलं. नशिबाने मी नाव विचारलं. आयव्हरमेक्टिन. गुरांना, कुत्र्यांना सर्रास दिलं जाणारं हे औषध कासवाला विषासारखं आहे, त्याने लुळं पडून मरतं. हे नाव लक्षात ठेवा.

शेवटी गोव्यातल्या एका डॉक्टरांनी फोटो बघून, मग प्रत्यक्ष बघून उपचार दिले. दिवसातला बराच वेळ कोरड्या, उबदार, स्वच्छ जागी ठेवायचं, खायला-प्यायला थोडा वेळ पाण्यात. खड्डे फिक्या चहाच्या रंगाइतक्या पातळ केलेल्या पोविडोन आयोडीनने पुसायचे. कॅल्शियम, यूव्हीबीचा दिवा. प्रतिजैविकाचं इंजेक्शन त्यांनीच दिलं. कवचाचं दुखणं आठवड्यात बरं होत नाही, महिने जातात. दिवे, पेटी, फिल्टर, गोव्याच्या फेऱ्या धरून खर्च कासवाच्या किमतीच्या कितीतरी पट झाला. कासव जगलं. पण पाठ कायमची वाकडी राहिली. मुलगी तिला "आमची घाटी" म्हणते, मधेच चढ, मधेच उतार.

"तळ्यात सोडून दी"

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहिली तो मुद्दा.

आजारपणाच्या त्या दिवसांत मला चार जणांनी एकच सल्ला दिला. शेजारचे अण्णा म्हणाले, "कित्याक खर्च करतस? धामापूरच्या तळ्यात सोडून दी. देवीच्या पायाशी ऱ्हवात. ता आपला जगतला." मनात आलं नव्हतं असं म्हणणार नाही. एका रविवारी डबा गाडीच्या डिकीत ठेवलाही होता. मुलीने विचारलं, "मऊ पाठीचं कासव तळ्यात कसं राहील?" गाडी परत घरात.

तिच्या प्रश्नात सगळं आलं. कासव आजारी असेल तर तळ्यात सोडणं म्हणजे नजरेआड मारणं. आणि धडधाकट असेल, जगलं, तर गोष्ट आणखी वाईट.

कारण हे कासव आपलं नाही. रेड इअर्ड स्लायडर, म्हणजे लाल कानाचं कासव. दुकानात कुणी जपानी म्हणून विकतं, कुणी चिनी. मूळ आहे ते अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. युरोपीय संघाने १९९७ मध्येच त्याची आयात थांबवली. ते वीस-तीस वर्षं जगतं, खाण्यासाठी आणि उन्हाच्या जागेसाठी स्थानिक कासवांना हुसकावतं, सोबत आजार आणतं. गुवाहाटीत उग्रतारा मंदिराच्या तळ्यात २०१८ मध्ये ते सापडलं. केरळमध्ये ओढ्या-कालव्यांत सापडल्यावर तिथल्या वन संशोधन संस्थेने लोकांकडून ही कासवं गोळा करायला घेतली. ही सगळी कुणीतरी "जगतला आपला" म्हणत सोडलेलीच.

धामापूरचं तळं १५३० सालचं म्हणून सांगतात. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला, तेव्हा आपण सगळ्यांनी फोटो टाकले होते. आपल्या तळ्या-ओहोळांत आपली स्वतःची गोड्या पाण्याची कासवं आहेत. पाठीत डोकं-पाय झाकणारं मऊ पाठीचं आहे, काळं कासव आहे. ऑलिव्ह रिडलेसाठी रात्र जागवणाऱ्या जिल्ह्याने त्यांच्या घरात परका भाडेकरू घालावा, हे बरं दिसतं का?

उलटही होतं. तळ्या-शेतातलं देशी कासव पकडून घरात किंवा विहिरीत ठेवतात. विहिरीत कासव असलं की पाणी शुद्ध राहतं, म्हणे. उभ्या कड्याच्या विहिरीत त्याला वर येऊन सुकायला जागा नाही, तळाशी ऊन नाही. कवचाचं जे दुखणं डब्यात होतं तेच तिथे. शिवाय देशी कासवं आणि तारा कासव पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. असं कासव सापडलं तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

मागणी काय?

"लोकांना अक्कल नाही" म्हणून सोडून देणं सोपं आहे. मलाही नव्हती, आणि मी शिकलेला, पेपरात लिहिणारा माणूस. म्हणून चार गोष्टी मागतोय.

एक, पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ पासून नियम आहेत, नोंदणी सक्तीची आहे. त्याची तपासणी व्हावी. आणि विकताना प्रत्येक गिऱ्हाइकाला मराठीत एक कागद मिळावा: हे किती मोठं होतं, किती वर्षं जगतं, काय लागतं. तो कागद वाचून निम्मी गिऱ्हाइकं परत जातील. तेच हवंय.

दोन, ज्यांना आता सांभाळणं जमत नाही त्यांच्यासाठी जिल्ह्यात एक तरी जागा असावी, जिथे कासव न लाजता, दंडाची भीती न बाळगता देता येईल. जागा नसेल तर माणूस तळ्याकडेच जाणार.

तीन, पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी कासवांवर एक दिवसाचं प्रशिक्षण. आपल्या किनाऱ्यावर जाळ्यात जखमी झालेली समुद्री कासवंही येतातच, तिथेही ते कामी येईल.

चार, ग्रामपंचायती आणि देवस्थानांनी तळ्याकाठी फलक लावावा: "इथे कासव, मासे सोडू नयेत." खर्च हजार-दोन हजारांचा.

आणि चाकरमान्यांना हात जोडून विनंती. गणपतीला याल तेव्हा पोरांना पुस्तक आणा, बॅट आणा, पेढे आणा. कासव नको. कासव बघायचं असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये सुट्टी काढून या, वायंगणीला पिल्लं समुद्रात जाताना दाखवतो.

आपल्या देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं. त्याला हात लावून आपण आत जातो. त्या दगडी पाठीला काही होत नाही, ती शेकडो वर्षं तशीच. घरातल्या कासवाची पाठ मात्र जिवंत आहे, आणि ती कडक राहणं पूर्णपणे आपल्या हातात आहे.

आमचं कासव सध्या मोठ्या पेटीत आहे. पावसाळ्याआधी इन्व्हर्टरवर दिव्याची सोय केलीय. पाठ वाकडी, पण दाबली तर वाकत नाही. मुलगी दर रविवारी तपासते आणि वहीत लिहिते. हिशेबाने ते तिच्या लग्नानंतरही असणार. मी तिला विचारलं, तेव्हा काय करशील? म्हणाली, "तुम्ही सांभाळा. आणलंत ना?"

तुमच्याकडे कासव असेल तर आज कड दाबून बघा, आणि काय आढळलं ते खाली लिहा. कुणाला सांभाळणं जमत नसेल तर तेही लिहा, कुणी हसणार नाही, हसलं तर मी उत्तर देईन. पण तळ्यात सोडू नका.